चित्र, चूल आणि चौदा एप्रिल

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो "संसार सांभाळून चित्रकला" असा. विषय ऐकून माझे मिस्टर म्हणाले, "मग भाषण मीच करतो, सांभाळणारा मी आहे." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, ते पुढे सांगेनच. पण आधी एक खुलासा करते. मी चित्रकार नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा सोडल्या तर माझे चित्रकलेचे शिक्षण झालेले नाही. महापालिकेच्या शाळेत मी बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि रविवारी चित्रे काढली. चित्र विकून घरात कधी चार पैसे आले नाहीत. तेव्हा इथे जे सांगणार आहे ते हौशी माणसाचे आहे. ज्याला सकाळी डबा करायचा आहे, संध्याकाळी भाजी आणायची आहे आणि सणावारी पाहुण्यांचे करायचे आहे, त्याने रंगाची बाटली कधी उघडावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या घरात चित्र आले कुठून, इथून सुरुवात करते. माझा जन्म धम्मदीक्षेनंतरचा. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ मी पाहिलेला नाही, पण त्या दिवसानंतर घरात काय झाले ते आईकडून पुष्कळदा ऐकले आहे. आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळीतली. १६० चौरस फुटांची ती एक खोली आणि त्यात आठ माणसे. वडील नागपूरहून परतले आणि भिंतीवरच्या देवादिकांच्या तसबिरी त्यांनी उतरवल्या. शेगडीच्या धुराने भिंत काळवंडलेली होती, पण तसबिरींच्या मागचा चुना पांढराच राहिला होता. आई सांगायची, चार पांढरे चौकोन दिसायला लागले आणि शेजारपाजारचे येऊन त्या चौकोनांकडेच बघत बसायचे. पुढे बुद्धाची आणि बाबासाहेबांची छापील चित्रे मिळायला लागली. पण वडिलांनी वाट पाहिली नाही. गिरणीत ते साचे खात्यात होते. चित्रकलेचा त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी त्या चौकोनाच्या मापाचा हार्डबोर्ड आणला, कॅलेंडरवरच्या सारनाथच्या बुद्धमूर्तीवर पेन्सिलीने चौकोन आखले, तेवढेच चौकोन बोर्डावर मोठे करून आखले आणि एकेक चौकोन बघत बुद्ध काढला. एक कान जरा खाली आला आहे. ते चित्र आजही माझ्याकडे आहे.

अशी चित्रे काढणारे वस्तीवस्तीत एक-दोन तरी असत. कुणी रेल्वेत खलाशी, कुणी पोस्टात, कुणी गोदीत. जयंती जवळ आली की याच मंडळींकडे लोक जात. कापडावर बाबासाहेब काढणे, कमानीवर अक्षरे काढणे, भीमा-कोरेगावच्या स्तंभाचा देखावा रंगवणे, ही सगळी कामे हौशी माणसांनीच केली. खुद्द बाबासाहेबांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात चित्रकलेचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले होते, आणि मिटल्या डोळ्यांच्या बुद्धापेक्षा उघड्या डोळ्यांचा बुद्ध त्यांना हवा होता. एवढ्या व्यापात हे त्यांना सुचले याचे मला नेहमी नवल वाटते.

आता थोडे अवघड बोलते, कारण पुरुष मंडळीही बसलेली आहेत. वडील पहिल्या पाळीहून आले की दुपारी दोन तास चित्राला बसत. ते दोन तास त्यांना कुणी दिले? खोली एकच. वडिलांचा हात हलू नये म्हणून आई आम्हा मुलांना घेऊन गॅलरीत बसायची. रेशनच्या रांगेत तीच उभी राहायची, घासलेट तीच आणायची, वडिलांच्या अंगठ्याला लागलेला रंगही तीच घासलेटाने पुसून द्यायची. चित्राच्या खाली सही वडिलांची आहे. आईने याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, उलट आल्यागेल्याला चित्र तीच दाखवायची. पण मी गणिताची बाई, मला हिशेब दिसतोच. घरात कुणी एक जण दोन तास काढतो तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या तरी दिवसातून काढलेले असतात.

आणि आई स्वतः काय काढत होती? १४ एप्रिलला पहाटे चार वाजता उठून ती दारापुढे अशोकचक्राची रांगोळी घालायची. आई शाळेत गेलेली नव्हती. खिळ्याला दोरा बांधून ती वर्तुळ काढायची. मग तोच दोरा वर्तुळावर टाकत टाकत गेली की बरोबर सहा भाग पडत. सहाचे अर्धे करून बारा, बाराचे अर्धे करून चोवीस. एकही आरा वाकडा नाही. पुढे शाळेत सातवीच्या वर्गाला षट्कोनाची रचना शिकवताना मी हीच रीत शिकवली, फक्त दोऱ्याच्या जागी कंपास आला. सकाळी नऊपर्यंत मिरवणुकीच्या पायांखाली ती रांगोळी पुसली जायची. वडिलांच्या चित्राला चाळीत सगळे "कला" म्हणत, आईच्या रांगोळीला "रांगोळी" म्हणत. मला आजवर यातला फरक कुणी समजावून सांगितलेला नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण अजिंठ्याला जाऊन आलेले आहेत. ज्यांना जायचे आहे त्यांनी सतराव्या लेण्यात थोडा जास्त वेळ काढावा. वाकाटकांच्या काळातले, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे लेणे. तिथे वेस्संतर जातकाची मोठी कथा रंगवलेली आहे. वेस्संतर राजपुत्राने दानाच्या व्रतापायी हत्ती दिला, रथ दिला, शेवटी स्वतःची पोटची दोन मुले आणि बायकोसुद्धा देऊन टाकली. कथेत शेवटी सगळे परत मिळते, हे खरे. त्याच लेण्यात, आतल्या गाभाऱ्याच्या अलीकडे, दुसरे एक चित्र आहे. भगवान बुद्ध भिक्षापात्र घेऊन स्वतःच्याच घराच्या दारी आले आहेत आणि समोर यशोधरा राहुलला पुढे करून उभी आहे. बुद्धाची आकृती फार मोठी आणि मायलेकरे अगदी लहान काढली आहेत. त्या लहान आकृत्यांच्या वर केलेल्या माना बघाव्यात.

ही गोष्ट पुढे काय होते ते विनयपिटकात आले आहे. राहुलने वारसा मागितला आणि त्याला प्रव्रज्या देण्यात आली. त्यावर म्हाताऱ्या शुद्धोदनाला फार दुःख झाले. त्याने विनंती केली की यापुढे आईवडिलांच्या संमतीशिवाय कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ती मान्य केली आणि तसा नियम झाला. घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या तक्रारीवरून संघाचा नियम झाला, ही बाब मला फार मोठी वाटते.

कलावंताने वेस्संतरासारखे असावे, कलेसाठी घरदार देऊन टाकावे, असे मानणारे लोक आहेत. फ्रान्सचा पॉल गोगँ शेअर बाजारात नोकरीला होता. तोही आधी सुटीच्या दिवशी चित्रे काढणारा हौशीच होता. पुढे नोकरी गेली, घर सुटले आणि १८९१ साली तो ताहिती बेटाकडे निघून गेला. मागे बायको आणि पाच मुले. चित्रे थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती पाच मुले कोणी वाढवली, हे चित्रकलेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. याउलट बंगालच्या सुनयनी देवी. गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ टागोर यांची ही बहीण. जन्म १८७५ चा, लग्न लहानपणीच झालेले. वयाच्या तिशीत, कुठेही न शिकता, घरकारभार बघत बघत त्यांनी चित्रे काढायला सुरुवात केली आणि नाव मिळवले. अर्थात टागोरांच्या घरात नोकरचाकर होते, हे विसरून चालायचे नाही. रांगेत उभे राहून पाणी भरणाऱ्या बाईला सुनयनी देवींचे उदाहरण देऊन "बघा, त्यांना जमले" असे म्हणणे मला पटत नाही.

मग आम्हाला कसे जमले, ते सांगते. माझे लग्न झाले तेव्हा मी तैलरंग वापरत असे. सासरी खोली लहान, त्यात तान्हे मूल. टर्पेंटाइनचा वास रात्रभर जात नाही, आणि जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे पुष्कळांना माहीत नसते. तेव्हा तैलरंग बांधून माळ्यावर टाकले आणि जलरंग घेतले. जलरंग भांडी घासायच्या आधी दहा मिनिटांत आवरता येतात. पोळपाट हा माझा बोर्ड झाला, स्टीलची ताटली रंग कालवायला, लोणच्याची रिकामी बरणी पाण्याला. सगळे सामान पत्र्याच्या एका पेटीत, आणि पेटी पलंगाखाली. मूल रांगायला लागल्यावर पेटीला कुलूप आले.

वेळेचे म्हणाल तर सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि एक भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. ते पैशाबद्दल आहे, पण आम्ही नवराबायकोने ते रविवारला लावले. रविवारची सकाळ साडेसात ते दहा माझी. त्या वेळेत चहा-नाश्ता मिस्टर करतील आणि मुलांना आंघोळ घालतील. दुपारनंतरची वेळ त्यांची, ते कामगार संघटनेच्या बैठकांना जात. पहिले सहा महिने घरात पोहेच झाले, कारण त्यांना दुसरे काही येत नव्हते. सासूबाई म्हणत, "या घरात रविवार आला की पोह्यांचा वार आला." पण त्यांनी ते पोहे खाल्ले आणि सून चित्र काढते म्हणून शेजारणीकडे तक्रार केली नाही. एवढी साथ पुष्कळ झाली.

सणांचे मात्र वेगळे आहे. तिथे हे वेळापत्रक चालत नाही. ६ डिसेंबरचे घ्या. मुंबईत राहणाऱ्यांना सांगायला नको. चैत्यभूमीला येणारे गावाकडचे नातेवाईक ४ तारखेपासून यायला लागतात. आमच्या दोन खोल्यांत चौदा-पंधरा माणसे असत. पिठाचा डबा दिवसातून दोनदा भरायचा, अंथरुणे दारापर्यंत यायची. त्या आठवड्यात चित्र काढायला बसणे सोडाच, पेटी ओढायलाही जागा नसे. पण रात्री अकरानंतर सगळे झोपले की मी शाळेच्या वहीची मागची पाने काढून बॉलपेनने झोपलेल्या माणसांची पावले काढत असे. परभणीकडच्या एका आत्याबाईंची टाच काढली होती. रात्रभर रांगेत उभी राहिलेली, भेगाळलेली टाच. एका मुलाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, त्याही काढल्या. दरवर्षी पाच-सहा पाने याप्रमाणे वीसेक वर्षांत ती वही शंभर पानांच्या वर गेली. माझी बाकीची चित्रे बरी-वाईट आहेत, पण ती वही मला चांगली वाटते. पाहुणे आले नसते तर ती वही झाली नसती, हेही खरे.

बुद्धपौर्णिमेला खीर, पांढरी वस्त्रे आणि वंदना. त्या दिवशी मी रंगाला हात लावत नाही. याला शास्त्र वगैरे काही नाही, पांढरी साडी एकच होती. त्याऐवजी मुलांना पंचशील ध्वज काढायला बसवत असे. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे पाच पट्टे उभे आणि सहाव्या पट्टीत तेच रंग आडवे. मुले निळ्याच्या शेजारी पिवळा लावताना दोन्ही ओले असतील तर हिरवे करून टाकतात. एक रंग वाळेपर्यंत थांबायचे, हे त्यांना त्या ध्वजामुळे कळले. माझ्या मुलीने एकदा थांबायचा कंटाळा येऊन पंख्याखाली कागद धरला आणि सगळा लाल रंग आजीच्या साडीवर उडाला. त्या वर्षी आजी पौर्णिमेला निळ्या साडीत विहारात गेल्या.

आता १९९८ ची एक हकीकत. मार्च महिन्यात सासूबाईंचे मांडीचे हाड मोडले. त्या अंथरुणाला खिळलेल्या. मला शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते. एप्रिलच्या पहिल्या तारखेला एका मंडळाचे कार्यकर्ते घरी आले. त्यांना जयंतीसाठी बाबासाहेब आणि माता रमाई यांचे आठ फूट बाय सहा फुटांचे चित्र हवे होते, बारा दिवसांत. मी जमणार नाही म्हणाले. त्यावर एक जण म्हणाला, "ताई, बाबासाहेबांचे काम आहे. नाही कसे म्हणता?"

या प्रश्नाला आपल्या समाजात उत्तर देणे सोपे नाही. ज्या माणसामुळे मी शाळेत गेले, बाई झाले, त्याच्या चित्राला नाही म्हणायचे? मी गप्प राहिले. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, बाबासाहेब काय पळून चालले आहेत का? पुढच्या वर्षी काढील ती. आता मला उठवून बसवायचे कोणी?" मंडळी निघून गेली. त्यांना राग आला तो आला. त्या वर्षीच्या जयंतीत आमच्या घरचे नाव कोणी पुकारले नाही, आणि मुलीला ते लागले. मी मात्र ३ जानेवारी १९९९ ला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या दिवशी, त्याच मापाच्या कापडाला हात घातला आणि मार्चअखेर रमाईची साडीची किनार काढून झाली. तेव्हापासून माझा नियम झाला की १४ एप्रिलचे चित्र सांगायचे असेल तर पौषात या, चैत्रात येऊ नका. चार लोक हसतात, पण बहुतेक जण आता पौषात येतात. म्हणजे येत असत.

येत असत म्हणाले, कारण आता कोणी येत नाही. फ्लेक्स आला. संगणकावर फोटो टाकला की संध्याकाळी वीस फुटांचा बाबासाहेब मिळतो आणि त्याखाली पंचवीस कार्यकर्त्यांचे फोटोही येतात. कापडावर रंगवणारे आमच्या ओळखीचे तिघे होते. त्यातल्या दोघांनी कुंचले गुंडाळून ठेवले. मलाही सुरुवातीला वाईट वाटले. पण खरे सांगू का, सणाच्या तोंडावरची धावपळ संपली आणि बाबासाहेबांखेरीज आपण दुसरे काही काढू शकतो का, हा प्रश्न प्रथमच समोर आला. फ्लेक्सवाला आईचा दोरा काढणार नाही. विहाराच्या पायरीवर चपला सांभाळत बसलेल्या आजोबांना काढणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर वडील दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालवत. तो पाटी रंगवणारा हातही त्याला माहीत नाही. हे आपल्यालाच काढायला लागणार. नव्या इमारतींत राहायला गेलेल्या आपल्या नातवंडांनी ती खोली पाहिलेली नाही.

इथे बसलेल्या भगिनींपैकी कितीजणींनी शाळेत असताना ग्रेड परीक्षा दिली होती, त्यांनी जरा हात वर करावेत. बघा, पंचवीस-तीस तरी आहेत. आणि गेल्या वर्षभरात किती जणींनी चित्र काढले? तीन. अध्यक्ष महोदय, हा माझ्या भाषणातला सर्वात महत्त्वाचा आकडा आहे, तेवढा इतिवृत्तात लिहून घ्यावा. या बाकीच्या जणींची कला कुठे गेली, हे त्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांना आज रात्री जेवताना विचारावे. विचारताना ताट स्वतः वाढून घ्यावे.

संस्थेने विहाराचा मागचा हॉल रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळात मोकळा करून दिला आहे. फी नाही. कागद मी आणीन, रंग आपापले आणावेत, दहा रुपयांची डबी असली तरी चालेल. लहान मुले बरोबर आणायला हरकत नाही, त्यांना ध्वज काढायला बसवू. नाश्त्याची जबाबदारी माझ्या मिस्टरांनी घेतली आहे. पोहेच असतील.